जुन्या फटफटीचे नवे अवयव

संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्या मास्तरानें फटफटीच्या सुट्या भागांविषयीं लिहावें, हें आमच्या नेहमींच्या वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. गेल्या खेपेस मुलांचें हस्ताक्षर, त्यापूर्वीं लोणच्याच्या बरण्या, आणि आतां एकदम पिस्टन व ब्रेक! परंतु या सदरापुरता मीं पहिल्यापासून एक नियम ठेविला आहे. घरांत जें खरोखर घडलें असेल आणि ज्याचा चार घरांस उपयोग होईल, तेवढेंच लिहावयाचें. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जें घडलें त्याविषयीं मौन धरणें हा लबाडपणा होईल. कारण त्यांतील निम्मा दोष माझा आहे.

माझ्या दिवंगत वडील बंधूंनीं १९७२ सालीं एक बुलेट घेतली. इंग्लंडांत रेडिच येथें जन्मलेली ही गाडी १९५५ पासून मद्रासेजवळ तिरुवोट्टियूर येथें बनूं लागली. पुढें १९७० सालीं इंग्लंडांतील मूळ घराणें बुडालें; दत्तक गेलेली ही शाखा मात्र जगली आणि आजहि नांदते आहे. पण तिचें आजचें इंजिन निराळें. दादांच्या गाडीचें, ३४६ घनसेंटिमीटरचें, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचें इंजिन थोड्याफार फरकानें २०१० च्या सुमारापर्यंत निघत होतें. त्यानंतर तें कारखान्यांतून निघावयाचें थांबलें. दादा त्या गाडीवरून तीस वर्षें खडकीस नोकरीवर गेले. त्यांच्या पश्चात् ती कित्येक वर्षें मागील दारीं पत्र्याच्या आडोशाला उभी होती. पुतण्यानें दोन वर्षें खपून ती पुन्हा चालती केली, तेव्हां तिचा तो ठोके मोजून घ्यावा असा आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरांतून धांवत बाहेर आल्या. असो.

गाडी चालती करावयाची म्हणजे सुटे भाग हवेत. एके दिवशीं पुतण्यासह मीहि नाना पेठेंत गेलों. मागल्या चाकाचे ब्रेक शू घ्यावयाचे होते. दुकानदारानें तीन पुड्या पुढें ठेविल्या. एक खुद्द गाडीच्या कंपनीची. दुसरी ब्रेकच्या मालासाठीं नांवाजलेल्या एका कारखान्याची. तिसरी सर्वांत झगझगीत, वर चमचमणारा गोल शिक्का, आणि आंत अस्सल माल आहे असें ठासून सांगणारा मजकूर. करणाराचें नांव-गांव मात्र तीवर कोठेंहि नव्हतें. पुतण्यानें विचारलें, "काका, कोणती घेऊं?" पहिलींत आणि तिसरींत अडीचशें रुपयांचें अंतर होतें. मी म्हणालों, "अरे, लोखंड तें लोखंड. शिक्का आहे ना वर? घे ही." आयुष्यभर पै पै जोडण्याची संवय लागलेल्या माणसाच्या तोंडून दुसरें काय निघणार!

त्या दोघांनीं मुलास वहिनींपाशीं ठेवून महाडास जाण्याचें ठरविलें. वरंध घाट उतरतांना एका वळणावर मागील चाक एकाएकीं अडकलें. गाडी आडवी होऊन दगडी कठड्यापर्यंत घसरत गेली. कठडा होता, म्हणून हा लेख लिहावयास माझें मन धजतें आहे. पुतण्याला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं; सूनबाईचें डावें मनगट मोडलें आणि सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहिलें. वहिनी मला इतकेंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांनीं तीस वर्षें गाडी चालविली, पण ब्रेकच्या बाबतींत कधीं घासाघीस केली नाहीं."

चाक उघडून पाहिलें तों कारण लख्ख दिसत होतें. ब्रेक शू हा अर्धचंद्राकृति धातूचा तुकडा; त्याच्या पाठीवर घर्षणासाठीं जी पट्टी असते, तिला आपले मिस्त्री लायनर म्हणतात. ही पट्टी शूवर रिव्हेटांनीं ठोकतात किंवा चिकटवितात. चिकटविण्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु त्यासाठीं धातूवरील तेलकटपणा पूर्ण काढून तो खरखरीत करावा लागतो आणि मग दाबाखालीं, आंचेवर तो चिकटा पक्का भाजून घ्यावा लागतो. आमच्या शूची पाठ आरशासारखी गुळगुळीत होती. चिकटा निम्म्या भागास लागलाच नव्हता. घाटांत ब्रेक तापला, पट्टी सुटली आणि शू व ड्रम यांच्यामध्यें पाचरीसारखी बसली. शिवाय सुटलेल्या पट्टीनें ड्रमलाहि खोल चरे पाडले. पन्नास वर्षें जो ड्रम निर्वेध चालला, तो अडीचशें रुपयांच्या काटकसरीपायीं लेथवर चढवून घांसून घ्यावा लागला.

हा जो ड्रमचा प्रकार झाला, त्याविषयींच मला मुख्यतः सांगावयाचें आहे. आपण समजतों कीं स्वस्त भाग थोडा कमी टिकेल, एवढाच काय तो तोटा. दोनदां घेतला म्हणजे झालें. ही समजूत चुकीची आहे. वाईट भाग स्वतः मरतो तो शेजारच्या चांगल्या भागास घेऊन मरतो; आणि जुन्या यंत्रांत तो शेजारीच असा असतो कीं जो पुन्हा मिळावयाचा नाहीं.

पिस्टनचेंच पाहा. बुलेटचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. म्हणून थंड असतांना दोहोंमध्यें मोजून सांद ठेवावी लागते, आणि ती केसाच्या जाडीच्या हिशेबांत. एवढ्यानेंहि भागत नाहीं. चांगला पिस्टन दिसावयास गोल दिसतो, पण तसा नसतो. तो माथ्याकडे किंचित् निमुळता आणि पिनेच्या दिशेनें किंचित् अरुंद घांसलेला असतो, म्हणजे तापल्यावर तो गोल होतो. ज्यास हें ठाऊक नाहीं असा कारागीर हातांतील नमुना पाहून सरळ गोल पिस्टन लेथवर काढतो. तो बसतो छान, सुरुहि होतो. मग एखाद्या चढावर इंजिन तापतें, पिस्टन सिलिंडराला धरतो, आणि आंतल्या भिंतीवर उभे चरे उठतात. मग सिलिंडर वीस हजारांश इंचानें मोठा करा, पुढें चाळीस हजारांशानें. प्रत्येक बोअरिंगाबरोबर त्याचें कांहीं आयुष्य भुशाच्या रूपानें लेथखालीं पडतें. अखेर स्लीव्ह घालण्यावांचून गति राहत नाहीं.

पोलादाला पाणी देणें हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोग मला फार आवडतो. मनुष्य आणि तरवार या दोघांनाहि आपण पाणीदार म्हणतों. दंतचक्रें, कॅम, टॅपेट यांना असें पाणी द्यावें लागतें कीं वरची कातडी कठीण आणि आंतील गाभा चिवट राहील. यासाठीं तो भाग कोळशाच्या अंशांत लालबुंद तापवून पुष्कळ वेळ ठेवितात आणि मग विझवितात. हें काम वेळखाऊ व खर्चाचें. आणि डोळ्यांनीं तर तें मुळींच दिसत नाहीं. त्यामुळें ज्यास खर्च वांचवावयाचा, तो प्रथम येथेंच वांचवितो. याची एक सोपी परीक्षा आमच्या मिस्त्रींनीं मला शिकविली. भागाच्या ज्या कोपऱ्याचा कशाशींहि संबंध येत नाहीं, तेथें बारीक कानस हलकेंच फिरवावी. कानस घसरली तर पाणी दिलेलें आहे. तिनें चावा घेतला तर पुडी मुकाट्यानें परत करावी. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरूं द्यावा.

आट्यांची गोष्ट याहून फसवी आहे. जुन्या बुलेटला इंग्रजी इंची आटे. आपले कारागीर तें माप अजून सुतांत बोलतात: इंचाचे आठ सूत, म्हणून पाव इंचाचा बोल्ट दोन सुती आणि पांच-षोडशांशाचा अडीच सुती. या अडीच सुती बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर भरते. बाजारांत हवा तितका मिळणारा आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना अगदीं तसाच दिसतो. परंतु आट्यांची दाटी निराळी. इंची बोल्टाला जातीप्रमाणें इंचांत २२ किंवा २६ आटे, तर मिलिमीटरच्याला वीसच्या आसपास. चुकीचा बोल्ट दोन फेरे सरळ जातो आणि मग जड होतो. अशा वेळीं थांबावें, हें शहाणपण. पण गॅरेजांतील पोरगा पान्यावर दुसराहि हात ठेवितो. बोल्ट पोलादी, इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची. आटे कोणाचे जाणार, हें सांगावयास नको. गंमत म्हणजे त्या जुन्या इंग्रजी पान्यांवरील आंकडाहि नटाच्या रुंदीचा नसतो, तर बोल्टाच्या जाडीचा. हें ठाऊक नसलेल्या मनुष्यास पान्यांची सबंध पेटीच खोटी वाटते; मलाहि वाटली होती.

कंडेन्सर, पॉइंट वगैरे लहानसहान वस्तूंचें पुराण लांबवीत नाहीं. नवा कंडेन्सर पहिल्याच उन्हांत बसला तर गाडी रस्त्यांत उभी राहते, हातपाय मोडत नाहीं. पेट्रोलाच्या वाटेवरील रबरी वस्तूंकडे मात्र लक्ष हवें. २०२५ पासून आपल्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जातें, आणि जुन्या जातीच्या रबराला तें मानवत नाहीं. रबर फुगतें, मऊ पडतें, आणि पेट्रोलाचा थेंब तापलेल्या इंजिनावर पडूं लागतो. नळ्या व वायसर बदलतांना ते या पेट्रोलाला टिकणारे आहेत ना, हें विचारून घ्यावें.

आतां माझ्या मनांत प्रश्न आला तो असा. हे वाईट भाग बनविणारे सगळेच कांहीं लुच्चे नसतील. मग माल इतका कसा बिघडतो? याचें उत्तर मला अनपेक्षितपणें माझ्याच जुन्या धंद्यांत सांपडलें. पोथ्या हातानें उतरविल्या जात, त्या काळीं एका लेखनिकाचा प्रमाद दुसऱ्यानें तसाच उचलावा, त्यांत आपला एक भर घालावा, आणि शेवटीं, "समोर जसें होतें तसें मीं लिहिलें, मला दोष देऊं नये," अशा अर्थाचें लिहून मोकळें व्हावें, अशी चालच होती. चार पिढ्यांनंतर मूळ पाठ कोणता हेंच कळेनासें होई. भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं १९१९ पासून १९६६ पर्यंत बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती याचसाठीं.

सुट्या भागांचें अगदीं हेंच आहे. मूळ कारखान्यांत प्रत्येक भागाचा नकाशा असतो; माप किती, त्यांत इकडेतिकडे किती चालेल, धातु कोणता, पाणी किती खोल द्यावयाचें, हें सर्व त्यावर असतें. बाहेरच्या लहान कारखानदाराजवळ नकाशा नसतो. त्याच्यापुढें असतो एक काढून टाकलेला, तीस वर्षें झिजलेला भाग. तो मापून तो नवा करतो. म्हणजे नवा भाग जन्मतःच झिजलेला असतो! पुढें दुसरा कोणी या नव्याचा नमुना घेतो. माप उतरवितां येतें, पण मूळ कारागिराचा हेतु उतरवितां येत नाहीं. पिस्टन अंडाकार कां, हें नमुन्यावर कोठेंहि लिहिलेलें नसतें.

जावा आणि येझदी या गाड्यांच्या वांट्याला हें अधिकच आलें. त्यांचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. जावा हें नांव २०१८ मध्यें पुन्हा बाजारांत आलें खरें, पण त्या गाड्यांचें इंजिन सर्वस्वी निराळें. जुन्यांना त्याचा कांहीं उपयोग नाहीं. आमच्या शेजारच्या वाड्यांत एक येझदी आहे. तिचे मालक दर महिन्याच्या एका रविवारीं सकाळीं जुन्या बाजारांत जातात आणि नवे भाग सोडून वापरलेले मूळ भाग शोधून आणतात. पूर्वीं मला तो छंदिष्टपणा वाटे. आतां वाटत नाहीं.

इंग्लंडांतील व्हिन्सेंट या फटफटीचें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. स्टीव्हनेज येथील तो कारखाना. १९५५ नंतर त्यानें एकहि फटफटी काढली नाहीं. नकाशे आणि धनी निराधार झाले, तेव्हां धन्यांच्या मंडळानेंच सुट्या भागांची स्वतःची एक कंपनी उभी केली. ती मूळ नकाशांवरून भाग करवून घेते. आज त्या गाडीचे बहुतेक भाग नवे मिळूं शकतात. विकत घेणारा आणि करवून घेणारा एकच, मग फसवावयाचें कोणी कोणास? सहकारी भांडारें आणि पतपेढ्या चालविणाऱ्या आपल्या लोकांस ही कल्पना परकी वाटूं नये. पुण्यांत, मुंबईंत, कोल्हापुरांत जुन्या गाड्यांचे षोकी कांहीं थोडेथोडके नाहींत. ते मिरवणुकीपुरते एकत्र येतात; पन्नास चांगले पिस्टन करवून घेण्यापुरते येत नाहींत.

नवें तें सर्व वाईट, असा मात्र माझा मुळींच पक्ष नाहीं. टायर, ऑइल-सील, बॉल-बेअरिंग हे आजचे पदार्थ दादांच्या वेळच्यापेक्षां निश्चित सरस आहेत. बेअरिंगावर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाचें माप जगभर एकच. ६२०५ म्हटलें कीं आंतलें भोंक २५, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर; मग तें फटफटींत बसवा कीं पिठाच्या गिरणींत. म्हणून तें 'बुलेटचें' म्हणून मागूं नये; बेअरिंगाच्या दुकानीं जाऊन क्रमांकानें, नांवाजलेल्या कारखान्याचें मागावें आणि पावती घ्यावी.

त्या नाना पेठेंतील दुकानदाराशीं मीं पुढें भांडावयासहि गेलों होतों. तो शांतपणें म्हणाला, "मास्तर, तीन पुड्या ठेवल्या होत्या. बोट तुम्हीं दाखवलंत." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. तथापि निनांवी माल दुकानांत ठेवणें हा त्याचा दोष माझ्या कंजूषपणानें कमी होत नाहीं, हें येथें नमूद करून ठेवितों. साध्या उदबत्तीच्या पुड्यावर करणाराचें नांव असतें. आणि ज्यावर दोन जीव घाट उतरतात, त्या वस्तूवर नसावें काय?

पुतण्याच्या मनांत आतां गाडीची सरकारी 'जुनी गाडी' म्हणून नोंद करावी असें आहे. जुलै २०२१ मधील नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीला अशी नोंद मिळते. शुल्क वीस हजार रुपये, आणि तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. मात्र मग ती रोजच्या जाण्यायेण्यास वापरतां येत नाहीं. प्रदर्शनें, शर्यतीवजा फेऱ्या आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणावी लागते. म्हणून मीं त्यास सध्यां थांबविलें आहे. शिवाय 'मूळ स्वरूप' या शब्दाशीं माझें मन अडतें. वेदान्तांत 'सोऽयं देवदत्तः' असें एक वाक्य विचारासाठीं घेतात. पूर्वीं पाहिलेला देवदत्त तो हाच, असें आपण कशाच्या बळावर म्हणतों? चाकें नवीं, पिस्टन नवा, तारा नव्या, आणि तरी वहिनी आवाज ऐकून धांवत आल्या. परिवहन कार्यालयास हें कसें पटवावें, तें मला ठाऊक नाहीं.

ब्रेकचें काय केलें, तेवढें सांगून संपवितों. दादांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्यांनीं काढून ठेविलेले मूळचे शू वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेले सांपडले; वर त्यांच्या हातची तारीखहि होती. लायनर झिजून रिव्हेटांना लागले होते, पण शूचा धातु शाबूत. (जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे; त्याची धूळ फुंकरीनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें टाकून द्यावें. हें घरांत मुलें असणारांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.) भवानी पेठेंत लायनर मारून देणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांनीं जुन्या पट्ट्या काढून नव्या, ॲस्बेस्टॉसविरहित पट्ट्या तांब्याच्या रिव्हेटांनीं ठोकल्या. रिव्हेटांचीं डोकीं पट्टीच्या आंत खोल बसविलीं. मग ड्रमला आंतून खडू लावून शू फिरवून पाहिला, आणि जेथें खडू उमटला तेवढाच उंचवटा पुन्हा पुन्हा घांसला. चारदां खडू, चारदां कानस. मी दोन तास बाजूच्या बाकावर बसून होतों. मजुरी, सामानासकट, तीनशें ऐंशी रुपये झाली. या वेळीं मीं घासाघीस केली नाहीं. उलट सुटे वीस रुपये परत घेतले नाहींत, तेव्हां ते गृहस्थ थोडे नाराजच झाले आणि त्यांनीं दोन जास्तीचे रिव्हेट कागदांत बांधून दिले. ते मीं दादांच्या डब्यांत ठेविले आहेत, वर तारीख घालून.

सूनबाईचें प्लास्टर निघालें आहे; ती मात्र इतक्यांत गाडीवर बसावयास तयार नाहीं, आणि तिला कोणी आग्रह करूं नये असें मीं सर्वांस बजावलें आहे. येत्या रविवारीं पुतण्या गाडी बाहेर काढणार आहे. मागें बसण्याचें वहिनींनीं आपण होऊन कबूल केलें आहे. फक्त भोरपर्यंत, घाट लागण्याच्या आंत.